ओरिएंटेशनजे: अक्ष चोख सांगणारे, दिशेबाबत गप्प बसणारे

भ्रूणाच्या ऊतींमध्ये पेशी कोणत्या रेषेत लागल्या आहेत, हे सूक्ष्मदर्शीच्या चित्रावरून मोजण्यासाठी ओरिएंटेशनजे हे मोफत प्लगइन (मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे साधन) वापरले जाते. लोझान येथील ईपीएफएल संस्थेत तयार झालेले हे साधन इमेजजे आणि फिजी या चित्र-विश्लेषणाच्या दोन्ही सॉफ्टवेअरांत चालते. प्रत्येक बिंदूभोवतीच्या लहानशा खिडकीत उजेड कोणीकडे झपाट्याने बदलतो, हे तपासून त्याला काटकोनात असलेला अक्ष ते रंगाने दाखवते. मांडणी किती एकसारखी आहे, याचे ० ते १ मधले मापही देते.

सारी मदार या खिडकीच्या आकारावर आहे. ती पेशीहून लहान ठेवली, तर केवळ पेशींच्या कडांचे कोन मिळतात आणि ऊतीचा कल हरवतो. फार मोठी ठेवली, तर दोन भागांमधली सीमाच पुसली जाते.

फळमाशीच्या भ्रूणाचा पट्टा (ज्यातून पुढे शरीर घडते तो ऊतीचा भाग) लांबताना मायोसिन हे प्रथिन लांबीच्या अक्षाला आडव्या असलेल्या पेशीसीमांवर साचते, त्या सीमा आकसतात, पेशी शेजारी बदलतात आणि पट्टा दुपटीहून अधिक लांब होतो. अशा वेळी पेशीपटलांच्या चित्रापेक्षा मायोसिनचे चित्र प्लगइनला देणे अधिक फलदायी ठरते. शेजार कसा बदलला हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक पेशी वेगळी ओळखणारे टिश्यू अ‍ॅनलायझरसारखे साधनच हवे.

खरी उणीव दिशेची आहे. फळमाशीच्या पंखात फ्रिझल्ड हे प्रथिन पेशीच्या, पंखाच्या टोकाकडील कडेला आणि व्हॅन गॉग हे दुसरे प्रथिन पंखाच्या मुळाकडील कडेला जमते, म्हणून प्रत्येक पेशीचा केस पंखाच्या टोकाकडे वळतो. फ्रिझल्ड नसलेल्या पेशींचा एखादा ठिपका मध्ये आला, तर त्याच्या, पंखाच्या टोकाकडील बाजूच्या निरोगी पेशींचेही केस उलट फिरून त्या ठिपक्याकडे वळतात. ध्रुवतेच्या, म्हणजे पेशीचे तोंड कोणत्या बाजूला आहे याच्या, अभ्यासात हाच पुरावा मोलाचा असतो, आणि नेमका तोच या नकाशात दिसत नाही, कारण कोन −९० ते +९० अंशांतच मोजला जात असल्याने सरळ आणि पूर्ण उलटा केस एकाच रंगाचे होतात. ठिपक्याच्या कडेला आडवे वळलेले केस तेवढे वेगळे उठून दिसतात. (हा दोष गणिताचा नाही, मागितले त्याचेच उत्तर ते देते.)

वक्र ऊतीचे चित्र आधी सपाट करून घ्यावे लागते, आणि उताराच्या भागात पेशी आखूड दिसून कोनही बिघडतात. तेथील रंग मी ग्राह्य धरत नाही.