डिलिरियस की स्ट्रेंजर दॅन फिक्शन? एकच बघायचा असेल तर

लेखक स्वतःच्याच गोष्टीत अडकतो असा एखादा कॉमेडी पिक्चर सांग ना, असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून ही दोनच नावं निघतात, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो की यातला आधी कुठला. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. दोन्ही मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलेत, एकट्याने पण आणि चारचौघांत पण, तेव्हा जे सांगतोय ते माझ्या अनुभवातलं आहे, समीक्षा वगैरे समजू नका.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. लेखकच आत अडकलाय हे शब्दशः फक्त डिलिरियसमध्ये (१९९१) आहे. जॉन कँडी म्हणजे जॅक गेबल, न्यूयॉर्कमध्ये एका डेली सोपचं लेखन करणारा माणूस, हिरॉइनवर एकतर्फी जीव टाकून बसलेला, वर निर्मात्यांशी खटके. डोक्याला मार लागून बेशुद्ध होतो आणि डोळे उघडतो ते स्वतःच शोधून काढलेल्या अ‍ॅशफर्ड फॉल्स नावाच्या गावातल्या हॉस्पिटलात. मग लक्षात येतं की टाइपरायटरवर जे टाइप करू ते इथे घडतंय. स्ट्रेंजर दॅन फिक्शन (२००६) बरोब्बर उलटा. तिथे अडकलंय पात्र. विल फेरेलचा हॅरल्ड क्रिक टॅक्स खात्यात ऑडिट करतो, रोज सकाळी बत्तीसच्या बत्तीस दात प्रत्येकी ७६ वेळा घासतो, आणि एक दिवस दात घासता घासता त्याला एका बाईचा आवाज ऐकू येतो जो त्याचंच वर्णन करतोय. लेखिका, म्हणजे एमा थॉम्प्सन, बाहेर बसून सिगरेटी ओढत आता याला मारू कसा याच्या विवंचनेत.

गुण द्यायला बसलं तर स्ट्रेंजरला जास्त पडतील हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. स्क्रिप्ट बांधेसूद आहे, फेरेल नेहमीसारखा आरडाओरडा न करता गप्प राहून काम करतो (मला तो एरवी झेपत नाही, इथे झेपला), आणि डस्टिन हॉफमनचा साहित्याचा प्रोफेसर तर कमाल आहे. तो आधी हॅरल्डला वेड्यात काढून वाटेला लावणार असतो, पण आवाज नेमका काय बोलला ते शब्द कानावर पडल्यावर त्याचे कान टवकारतात, मग म्हणतो वही घेऊन बस, तुझी गोष्ट सुखान्त की दुःखान्त ते मोजू. बेकरीवालीला हॅरल्ड फुलांऐवजी पिठाच्या पुड्या नेऊन देतो तो सीन पण गोड आहे, इंग्रजीत फुलं आणि पीठ यांचा उच्चार एकच होतो त्यावरचा तो विनोद, सबटायटल वाचत बघणाऱ्याचा हमखास हुकतो. आणि लेखिकेने फोन वाजला असं टाइप केल्या केल्या तिच्या घरातला फोन खरोखर वाजतो तिथे मला दर वेळी काटा येतो. डिलिरियसमध्ये काटा येईल अशी एकही जागा नाही.

डिलिरियसचे बाकीचे दोष पण सांगून टाकतो. मधला भाग पसरट आहे, कथेतल्या एका गुप्त फॉर्म्युल्याच्या भानगडीत कोण कोणाच्या मागे लागलंय हे मला दुसऱ्यांदा बघताना कुठे नीट कळलं. बायकांच्या भूमिका म्हणजे एक खलनायिका आणि एक सालस मुलगी, मधे काहीच नाही. शेवट काय होणार याचा अंदाज डोक्याला मार लागतो तेव्हाच येतो. तेव्हा थिएटरात पण तो आपटलाच होता. डायरेक्टर टॉम मँकीविचने बाँडच्या पिक्चरांचं लेखन केलंय, त्यामुळे असेल कदाचित, पण कुठल्याही सीनमध्ये रेंगाळत बसत नाही, काही सीन्सना तर जरा रेंगाळला असता तरी चाललं असतं.

एवढं सगळं असून माझं मत फिरलं ते स्ट्रेंजरमधल्या एकाच गोष्टीमुळे. पुढचा एक पॅरा कथेचा मधला वळसा सांगणारा आहे, नको असेल तर सोडा, शेवट मी फोडत नाहीये.

तर होतं असं की प्रोफेसर लेखिकेच्या पुस्तकाचं हस्तलिखित वाचतो आणि हॅरल्डला सांगतो की हे पुस्तक म्हणजे मास्टरपीस आहे, त्यामुळे सॉरी, तुला मरावं लागेल. मग हॅरल्ड स्वतः बसमध्ये बसून ते सगळं वाचतो आणि त्यालाही पटतं. पिक्चरचा शेवटचा अर्धा तास सगळा या एकाच गोष्टीवर उभा आहे, की हे पुस्तक इतकं भारी आहे की त्यासाठी माणसाचा जीव गेला तरी चालेल. अरे पण ते पुस्तक आपण तासभर ऐकतोय ना! पहिल्या मिनिटापासून एमा थॉम्प्सन तेच तर वाचतेय, आणि ते छान आहे, खुसखुशीत आहे, हॅरल्डच्या मनगटावरच्या घड्याळाचं वर्णन वगैरे मजेशीर आहे, पण मास्टरपीस? पहिल्यांदा पाहताना मी भारावून गेलो होतो त्यामुळे जाणवलं नाही, दुसऱ्यांदा हे खटकलं आणि एकदा खटकलं ते खटकलंच, आता तो बसचा सीन आला की माझा हात आपोआप फोनकडे जातो. भारी वाक्यं कुठेतरी आहेत, पण ती आपल्याला कोणी ऐकवत नाही, फक्त दोन शहाणी माणसं सांगतात म्हणून आपण मान डोलवायची. मला नाही जमत. कदाचित मी थोडंफार लिहितो म्हणून जास्त टोचत असेल, माझ्यासोबत बघणाऱ्या चौघांपैकी एकालाही यात काही वावगं वाटलं नाही हेही सांगायला हवं.

डिलिरियसमध्ये ही अडचणच येत नाही, कारण जॅक भिकार लिहितो आणि ते पिक्चरला माहीत आहे. गर्भश्रीमंत घराणं, दरडावणारा म्हातारा, कारस्थानी डॉक्टर, सगळा तोच माल. म्हातारा आहे रेमंड बर, टीव्हीवरचा पेरी मेसन, त्याचा हा शेवटचा मोठ्या पडद्यावरचा पिक्चर, आणि तो हे सगळं इतक्या गंभीर चेहऱ्याने करतो की मला तिथेच जास्त हसू येतं. जॅक स्वतःसाठी काहीतरी रोमँटिक टाइप करून तयार होऊन जातो आणि समोर नेमका घोळ झालेला असतो, कारण लिहिताना जे भारी वाटलं ते प्रत्यक्षात समोर उभं राहिलं की कसं दिसतं याचा त्याने विचारच केलेला नसतो. रात्री दोन वाजता लिहिलेलं सकाळी वाचायची वेळ ज्याच्यावर आलीय त्याला हे कळेल. इथे तर जॅकला आपण लिहिलेल्या त्या गोष्टीतच राहावं लागतंय! आणि कँडीचा चेहरा. तो फजिती झाल्यावर रडवेला होत नाही, जरा दचकतो, कपडे झटकतो आणि परत टाइपरायटरकडे पळतो. १९९४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी गेला तो, आता बघताना ते पण डोक्यात असतंच, त्यामुळे माझं मत अगदी निष्पक्ष आहे असा दावा नाही.

तिसरं नाव म्हणून कोणीतरी रूबी स्पार्क्स (२०१२) सुचवेल. त्यात लेखकाने कागदावर रंगवलेली मुलगी खरोखर घरात येऊन राहते, आणि ती फ्रेंच बोलते असं टाइप केलं की फ्रेंच बोलायला लागते. चांगला आहे, पण शेवटाकडे इतका अंगावर येतो की त्याला कॉमेडी म्हणून लावू नका.

मग घ्यायचा कुठला? सोबत कोणी असेल आणि बघून झाल्यावर गप्पा मारायच्या असतील तर स्ट्रेंजर लावा, उगाच माझं ऐकून त्याच्यावर फुली मारू नका. आयुष्यात एकदाच बघणार असाल तरी तोच बहुतेक. पण परत परत लावायला म्हणाल तर, मी गेल्या काही वर्षांत स्ट्रेंजर एकदा लावला आणि डिलिरियस किती वेळा ते मोजलेलं नाही. फक्त एक, डिलिरियसच्या सुरुवातीच्या ऑफिसच्या भागावरून त्याला जोखू नका, तो साधाच आहे. हॉस्पिटलच्या पुढे पंधरा-वीस मिनिटं द्या, तोवर हसू नाही आलं तर बंद करून सरळ स्ट्रेंजर लावा, दोन तासांच्या आतला आहे, झोपायला फार उशीर होणार नाही.