सूर्यावर नजर ठेवायची तर ओउलूचा डेटा की गच्चीवर म्यूऑन डिटेक्टर?

आमच्या दांडिया बाजारातला एक मुलगा एमएससीच्या प्रोजेक्टसाठी हेच विचारत होता, आणि बडोद्यात अजून कुणी याच विचारात असेल म्हणून इथे सविस्तर लिहितोय. सूर्य खवळला की त्याचं चुंबकीय क्षेत्र बाहेरून येणारे कॉस्मिक किरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) अडवतं आणि हे कण हवेवर आदळून तयार होणाऱ्या न्यूट्रॉन आणि म्यूऑनचा जमिनीवरचा काउंट घटतो, एखादा मोठा सौर झोत पृथ्वीवरून गेला तर काही तासांत ग्राफमध्ये खड्डाच पडतो, त्याला फोरबुश डिक्रीज म्हणतात.

फिनलंडमधल्या ओउलूचा न्यूट्रॉन मॉनिटर (हे न्यूट्रॉन मोजणारं यंत्र) 1964 पासून चालू आहे. डेटा नेटवर फुकट, हवेच्या दाबाचं करेक्शन करूनच मिळतो. पाच अख्ख्या सोलर सायकल (सूर्याची साधारण 11 वर्षांची चढउतार) एका ग्राफवर दिसतात, आणि मे 2024 चं वादळ काढून बघाच, 10 तारखेला काउंट खाली जातो आणि त्या खड्ड्यातच 11 ला छोटी उसळी आहे, ती थेट सूर्याकडून आलेल्या प्रोटॉनची.

ती उसळी बडोद्यात दिसणार नाही. इथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण 16 जीव्हीच्या (गिगाव्होल्ट, कण चुंबकीय क्षेत्रात वळवणं किती कठीण त्याचं माप) खालचे प्रोटॉन आत येऊच देत नाही, ओउलूला हाच आकडा, म्हणजे कटऑफ, 0.8 च्या आसपास आहे.

आता घरचा डिटेक्टर. 5 बाय 5 सेंमीची सिंटिलेटर प्लेट (कण गेला की चमकणारी), ती चमक पकडणारा सिलिकॉन सेन्सर, मोजणी करणारा छोटा आर्डुइनो बोर्ड. मिनिटाला चौरस सेंमीमागे साधारण एक म्यूऑन धरला तर तासाला 1500, त्याचं वर्गमूळ 39, म्हणजे अडीच टक्क्यांची चढउतार नुसती नशिबाची! फोरबुशचा खड्डा इथे म्यूऑनमध्ये बहुतेक वेळा तेवढाही नसतो. दिवसभराची सरासरी काढली की चढउतार अर्ध्या टक्क्यावर येते, मग मोठं वादळ ओळखता येईल, पण तेवढ्यात पावसाळी कमी दाबाचा पट्टा आला आणि दाब 10 हेक्टोपास्कल उतरला की म्यूऑन एक-दोन टक्के वाढतात आणि सूर्याचा खड्डा त्यात बुजून जातो. वर मे महिन्यात पत्र्याखालची खोली तापली की सेन्सरचा गेन (सिग्नल किती मोठा करतो ते) सरकतो तो वेगळाच.

ऊटीचा ग्रेप्स-3 हा कॉस्मिक किरणांचा प्रयोग तर आपल्यापेक्षाही दक्षिणेला, कटऑफ 17 जीव्ही, तरी 22 जून 2015 चा दोन तासांचा म्यूऑनचा स्फोट, म्हणजे काउंटची अचानक वाढ, त्यांनी पकडला, कारण म्यूऑन टेलिस्कोप 560 चौरस मीटरचा आहे. आपली प्लेट 25 चौरस सेंमीची.

नुसती गायगर ट्यूब घेऊ नका, ती भिंतीतलं आणि मातीतलं रेडिएशनच जास्त मोजते.

माझं मत स्पष्ट आहे, सूर्य बघायचा असेल तर ओउलू. उपकरण हाताने बनवायची खरंच ओढ असेल तर डिटेक्टर जरूर बनवा, शिकायला त्यात खूप आहे, पण मग प्रोजेक्टचा विषय दाब आणि म्यूऑन असा ठेवा, बीएमपी 280 दाबाचा सेन्सर पहिल्या दिवसापासून शेजारी लावा, आणि गाईडना हे आधीच सांगून टाका.