मोडलेलं पान की कार्डांचा डबा?

इंदूरच्या लोकमान्य नगरात मी आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. दरवर्षी सहामाहीचे मार्क आले की कुणीतरी आई दारात उभी असते. "ताई, अभ्यास करतो हो तो, पण लक्षातच राहत नाही. नोट्स काढायला शिकवाल का?" आणि नववीतल्या पोराची कॉपी पुढे करते. (इंदुरात वहीला कॉपीच म्हणतात, घरात कितीही मराठी असलं तरी.) कॉपी बघावी तर अक्षर मोत्यासारखं, शीर्षकं लाल, व्याख्या हिरव्या, आणि निम्म्याहून जास्त पान पिवळ्या हायलायटरनं न्हालेलं. ती मिटून मी विचारलं, "जाइलम आणि फ्लोएममध्ये फरक काय रे?" (झाडात पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या त्या.) पोरगा म्हणाला, "उजव्या पानावर, खाली आहे." पान आठवत होतं, उत्तर नाही.

अशा पोराला काय शिकवावं? आठवड्याचे दोन-तीन तास हाताशी आहेत आणि वर्षभरात एकच पद्धत नीट रुजवायची आहे, असं धरून लिहितेय. पाच पद्धती एका दिवसात शिकवणाऱ्या शिबिरांतून मुलं रंगीत फाइल घेऊन येतात आणि ती फाइल दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते.

भंवरकुआँ या कोचिंग क्लासच्या भागातल्या फोटोकॉपीच्या दुकानांतल्या तयार नोट्स मी लगेच बाजूला ठेवते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मोठ्या मुलांची त्यांनी सोय होत असेल. नववीच्या मुलाला त्या म्हणजे दुसऱ्यानं चावलेला घास. फळ्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणं हेही तसंच. फोटो गॅलरीत राहतो, वाढदिवसाच्या केकशेजारी.

टॅबवर टाइप करू दे का, असंही पालक विचारतात. २०१४ साली म्यूलर आणि ओपनहायमर या अमेरिकी संशोधकांचा एक अभ्यास गाजला: लॅपटॉपवाले विद्यार्थी बोललेलं जसंच्या तसं उतरवतात, आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत हातानं लिहिणारे पुढे राहतात. २०२१ मध्ये दुसऱ्यांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा गुणांत तसा फरक दिसला नाही. म्हणून 'हातानंच लिहा' हे मी संशोधनाचं नाव घेऊन सांगत नाही. बोर्डात तीन तास हातानंच लिहायचंय, एवढं कारण मला पुरतं.

माइंड मॅप दिसायला देखणा, पण शिकवायला मी तो सगळ्यात शेवटी घेते. मध्ये विषय, भोवती फांद्या. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं एका पानावर मांडायला छान. अडचण अशी की धडा समजल्याशिवाय फांदी कुठून फुटते ते कळत नाही, आणि समजलेला नसेल तर पोरं फांद्या रंगवण्यात संध्याकाळ घालवतात. कार्पिके आणि ब्लंट यांच्या २०११ च्या प्रयोगात, पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढणाऱ्यांपेक्षा मजकूर मिटून आठवून लिहिणारे आठवड्यानंतरच्या चाचणीत सरस ठरले. तो नकाशा म्हणजे नेमका माइंड मॅप नव्हे, पण भावंडच.

म्हणजे खरा सामना मोडलेलं पान (एका बाजूला नोट्स, दुसरीकडे त्यांवरचे प्रश्न) आणि कार्डांचा डबा (प्रश्न-उत्तरांची कार्डं) यांच्यात. दोन्हींचा पाया एकच आहे, आणि तो कळला की निवडणं सोपं जातं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तर चित्र उलटं: वाचणारे ४२, आठवून लिहिणारे ५६. आमची पोरं फसतात ती त्या पहिल्या पाच मिनिटांत. रात्री दोनदा वाचलं की "येतंय" वाटतं, आणि वाटतं त्यात खोटंही नसतं.

मोडलेलं पान म्हणजे कॉर्नेल पद्धत. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी ती १९५० च्या दशकात बसवली. पानाची डावीकडची अडीच इंच पट्टी रिकामी, उजवीकडे वर्गातल्या नोट्स, तळाला चार बोटं जागा सारांशाला. आपल्या कॉपीत मार्जिन जेमतेम इंचभर. रोज पट्टीनं रेघा मारायला लावलं की मुलं चौथ्या दिवशी सोडतात, म्हणून मी पानच उभं मोडायला सांगते, डावीकडून तिसऱ्या हिश्शावर. नखानं घडी दाबायची, झालं. वर्गात फक्त उजवीकडे लिहायचं. त्याच संध्याकाळी डावीकडे प्रश्न: 'पाणी वर कोण नेतं?', 'पानात तयार झालेलं अन्न कशातून जातं?' मग उजवी बाजू मागे दुमडून नुसत्या प्रश्नांवरून बोलायचं. त्या पोराचा पहिला प्रश्न होता, 'जाइलम म्हणजे काय ते लिहा.' हा प्रश्न नव्हे, प्रश्नपत्रिका. प्रश्न विचारायला शिकवण्यातच माझे तीन आठवडे जातात, आणि या पद्धतीची खरी किंमत तीच. पालकांना वाटतं, रेघ आखली की काम झालं.

कार्डांचा डबा सेबास्टियन लाइटनर या पत्रकारानं १९७० च्या दशकात लोकांपुढे आणला. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. कार्डं विकत आणू नका. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापा, मिठाईच्या डब्यात पुठ्ठ्याचे दोन आडवे तुकडे उभे करा. सनावळ्या, सूत्रं, रासायनिक चिन्हं, संस्कृतची रूपं यांना याच्यासारखं दुसरं काही नाही. पण 'का' विचारलं की कार्ड थिटं पडतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं पत्रिकेच्या मागे मुंगीच्या अक्षरात सबंध परिच्छेद लिहिला होता. सबंध उत्तर यायचं नाही, कार्ड कायम पहिल्या कप्प्यात, आणि पोरगी रडकुंडीला.

मेहनत कुठे पडते, तेही बघा. मोडलेल्या पानाला रोज पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण ती शाळेच्या कॉपीतच होतात, वेगळं काही सांभाळावं लागत नाही. चार दिवस बुडालं तर प्रश्न मागे साठतात आणि मग मूल ते कधीच भरत नाही. डबा सुरुवातीला खातो: एका धड्याची कार्डं करायला अख्खी संध्याकाळ. पुढे मात्र रोजची दहा मिनिटं. बुडलेला दिवसही डबा मुकाट्यानं सोसतो, कार्डं जिथे होती तिथेच असतात. पान कॉपीत असल्यामुळे शाळेतल्या बाईंनाही दिसतं. डबा घरी राहतो, आणि धाकट्या भावंडाच्या हाती लागला की कप्पे संपले!

आठवी-नववी असेल आणि घरी प्रश्न विचारणारं कुणी असेल तर मी डोळे मिटून पान सांगते. दहावीचं मूल जानेवारीत आलं तर पानाची सवय लागायला वेळच उरलेला नसतो. तेव्हा डबाच, तोही फक्त दोन कमकुवत विषयांचा. विज्ञान आणि सामाजिक शास्त्राला पान, संस्कृत आणि रसायनातल्या संयुजांना डबा, ही वाटणी अकरावीनंतर करता येते. त्याआधी दोन्ही एकदम सुरू केलेली मुलं माझ्याकडे तरी टिकली नाहीत.

भाषेचं मात्र आपल्याकडे वेगळंच त्रांगडं. शाळा इंग्रजी किंवा हिंदी माध्यमाची, बोलणं मराठी. जाइलम-फ्लोएमचे जलवाहिनी आणि रसवाहिनी हे मराठी शब्द आमच्या मुलांनी ऐकलेलेच नसतात, कारण विज्ञान मराठीतून कुणी शिकवलेलंच नाही. उजवीकडचं शाळेच्या भाषेतच असू दे, परीक्षा त्याच भाषेत आहे. डावीकडचा प्रश्न मी बोलीत लिहू देते. 'झाडात पाणी वर कसं चढतं गं?' असा प्रश्न एका पोरीनं लिहिला होता, 'गं' सकट. आजी विचारणार होती म्हणे.

म्हणून फॉर्म भरून घेताना मी आता मार्कांच्या आधी एक गोष्ट विचारते: संध्याकाळी सहा ते आठ घरी कोण असतं? आजी-आजोबा असतील तर मोडलेलं पान. त्यांना जाइलम ठाऊक नसलं तरी चालतं, प्रश्न वाचून दाखवता आला आणि पोराची मान कॉपीकडे वळते का ते बघता आलं की पुरे. घराला कुलूप असेल आणि मूल एकटं किल्लीनं उघडून आत जात असेल, तर डबा.