सात किलो जुना मळ आणि माझे २३,४०० रुपये

आधीच सांगते, मी अडाणी नाही. फोर्टमधल्या एका ऑफिसात बावीस वर्षं हिशेब तपासते. बिल जोडलेलं नसेल तर साहेबांचं व्हाउचरसुद्धा परत पाठवते. त्याच मी एका माणसाच्या खासगी नंबरवर, बिल न मागता, तीन वेळा जीपे केलं.

झालं असं की गेल्या वर्षभर माझं पोट कुरकुरत होतं. फुगायचं, सकाळी धड साफ व्हायचं नाही. दुपारी चारनंतर खुर्चीतच पेंग यायची. तळपायाला मुंग्या यायच्या, पण त्याकडे मी लक्ष दिलं नाही. म्हटलं, वय झालं, अठ्ठेचाळीस म्हणजे काय कमी आहे? ॲसिडिटीसाठी रोज उपाशीपोटी पँटोप्राझोल घेत होते. डॉक्टरांनी ती कधीकाळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. पुढची पाच वर्षं केमिस्ट मला बघितल्याबरोबर पट्टी काउंटरवर ठेवत होता.

ट्रेनमधली माझी मैत्रीण ठाण्याला बसते, मी भांडुपला चढते. नऊ वर्षं ती माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरतेय. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा पहिला डबा तिच्या घरून आला होता. हे सगळं सांगतेय कारण "अगं, फ्री चेकअप आहे, नुसती दांडी हातात धरायची" असं ती म्हणाली तेव्हा नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. एखादा अनोळखी पोरगा स्टेशनबाहेर पत्रक वाटत असता तर मी ढुंकूनही बघितलं नसतं.

दादर पूर्वेला एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. भिंतीवर 'मधुमेह मुळापासून बरा' असा बोर्ड. (असल्या आजारांवरच्या हमखास इलाजाच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हे मला नंतर कळलं.) पांढरा कोट घातलेल्या माणसाला सगळे 'सर' म्हणत होते. डॉक्टर मात्र कुणी म्हणत नव्हतं, हेही मला नंतरच सुचलं. वय, उंची, वजन लॅपटॉपमध्ये भरलं, पितळेसारखी दांडी मुठीत धरायला दिली, आणि मिनिटभरात चाळीस पानांचा रिपोर्ट. लिव्हर, किडनी, हाडं, मेंदूचा रक्तपुरवठा, सगळं पिवळ्या आणि लाल रंगात. सर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्या आतड्याला सात किलो जुना मळ चिकटलाय. तो निघाल्याशिवाय खाल्लेलं अंगी लागणारच नाही."

पुढच्या खेपेला नवऱ्यालाही घेऊन गेले. त्याचेही चाळीस पानी आजार निघाले. जिना उतरताना तो म्हणाला, "अगं, त्या दांडीची वायर टेबलाखाली लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती." मी त्याच्यावरच खेकसले. तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते, म्हटलं. इतकी मी त्यात शिरले होते.

किट १४,८०० रुपयांचं होतं. रात्री घ्यायची पावडर, सकाळची कॅप्सूल, पाण्यात टाकायचे थेंब. दुसऱ्या दिवसापासून पोटात पीळ आणि सकाळी पाच-सहा वेळा धावाधाव. व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं तर सरांचं उत्तर: "अभिनंदन! विष बाहेर पडतंय." चक्कर आली, तर "शरीर जुनं दुखणं उकरून काढतंय". काहीच झालं नाही म्हणून एकीनं तक्रार केली, तर "तुमचा मळ फार जुना आहे, डोस वाढवा". काहीही झालं तरी औषध लागू पडतंय, असंच उत्तर. दुसऱ्याच्या हिशेबात असली मखलाशी मी दोन ओळींत पकडली असती. पण तोवर वजन दोन किलो उतरलं होतं आणि ब्लाउज सैल झाला होता, म्हणून आणखी ५,६०० चा 'बूस्टर' घेतला. वर "आता स्वतःसाठी स्वस्तात घ्या, मैत्रिणींनाही सांगा" म्हणून त्यांची मेंबर होण्याच्या 'आयडी'चे ३,०००.

ग्रुपवर लोक सकाळी संडासातले फोटो टाकायचे. लांबलचक, रबरासारखं काहीतरी. हाच तो जुना मळ, म्हणून अंगठे आणि फुलं. ते वाचत वाचत मी चहा प्यायचे, आता शिसारी येते.

एका मंगळवारी विक्रोळी सुटली आणि पोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काळोख. घाटकोपरला कशीबशी उतरले. संडासाबाहेर माझ्या पुढे तीन बायका होत्या. मी भिंतीला टेकून, घामानं थबथबलेली, पोटऱ्यांत गोळे आलेले, छाती धडधडतेय. पुढच्या बाईनं माझं तोंड बघून मला आधी आत सोडलं. तिचे उपकार विसरणार नाही. त्या दिवशी ऑफिसला गेलेच नाही, रिक्षानं थेट भांडुपला आमच्या जुन्या डॉक्टरांकडे.

त्यांनी आधी जीभ बघितली, मग म्हणाले, "डबा आणलात?" पर्समध्ये होताच. भिंग लावून वाचायला लागले. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत सोनामुखी, हरडे, इसबगोल, बेंटोनाइट नावाची माती. किती, ते कुठेच नाही. सोनामुखी म्हणजे सरळसरळ जुलाबाचं औषध. चार दिवस घ्यायची वस्तू मी दोन महिने घेत होते. इसबगोल आणि माती पाण्यात फुगून जे रबर होतं, तेच लोक फोटो काढून टाकत होते. "आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं हो," डॉक्टर म्हणाले, "सात किलो चिकटून राहायला तिथे काय डांबर आहे?" कॅप्सूलच्या डबीवर तर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे हे औषध नव्हे, असं स्वच्छ छापलेलं होतं. सप्लिमेंटवर ते छापावंच लागतं. मी रोज ती डबी उघडत होते.

रक्त तपासलं. पोटॅशियम ३.१, ते निदान ३.५ हवं. गोळे आणि धडधड त्यामुळे. आणि बी-१२ जीवनसत्त्व फक्त १२८, म्हणजे फारच कमी. मी शाकाहारी, त्यात पाच वर्षं ॲसिडिटीची गोळी. पोटातलं आम्ल दाबलं की अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही. पेंग, मुंग्या, सगळं बरंचसं तिथून येत होतं. किट घ्यायच्या आधी एक रक्ततपासणी केली असती तर तेव्हाच कळलं असतं.

आता इंजेक्शनं झाली. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली; एकदम सोडली की उसळून येते म्हणे. रात्री ज्वारीची भाकरी, एखादी उसळ, दुपारी ताक, जेवल्यावर गच्चीत वीस मिनिटं. लागलाच तर केमिस्टकडचा साधा इसबगोल, भरपूर पाण्याबरोबर. चहा अजून सुटलेला नाही.

पैशांचं म्हणाल तर सरांनी "फोडलेला माल परत नाही" म्हणून फोन ठेवला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, तर पहिलाच प्रश्न बिलाचा. माझ्याकडे जीपेचे स्क्रीनशॉट आणि ग्रुपवरचे मेसेज, बस. ते तरी जपून ठेवलेत, कारण ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. डब्यावर चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा नंबर, होता. तो एफएसएसएआयच्या साइटवर टाकला तर निघाली भलतीच मसाल्याची कंपनी. हे काम दोन मिनिटांचं, पण मी ते पैसे गेल्यावर केलं. आणि माणसं जोडत जायच्या साखळीला थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत मनाई आहे. आयडीचे ३,००० मी त्या साखळीतच घातले होते.

मैत्रिणीशी महिनाभर बोलले नाही, मुद्दाम पुढच्या डब्यात चढायचे. मग एका रविवारी ठाण्याला तिच्या घरी गेले, भांडायलाच. तिनं काही न बोलता दिवाणाची फळी उचलली. आत रजया नव्हत्या. किटं होती, अकरा, सील न फोडलेली. "लेव्हल टिकवायला दर महिन्याला घ्यावी लागतात," ती म्हणाली. "ह्यांना माहीत नाही."