तडकलेला डॅशबोर्ड पॅड: फायबरचं कव्हर, भंगारातला पॅड की नवं रेक्झिन?

डॅशबोर्डाचा पॅड तडकला की पहिलं वर्षभर आपण त्यावर टॉवेल टाकून काढतो. माझ्या पिकअपचंही तेच झालं. गाडी वीस वर्षांची, इंजिन ठणठणीत. पण काचेखालचा पॅड या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगाळलेला. आतल्या फोमचा पिवळा भुगा मार्केटच्या पावत्यांवर पडायचा. मे महिन्यात बंद केबिनमध्ये डॅशबोर्ड 70 अंशांच्या आसपास तापतो, आणि निफाडकडे जानेवारीतल्या पहाटे पारा पाच-सहावर येतो. वरचं पीव्हीसीचं कातडं मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट रसायन घातलेलं असतं. उन्हानं ते हळूहळू बाहेर पडतं. काचेला आतून बसणारा चिकट थर बराचसा त्याचाच. ते गेलं की कातडं आखडतं आणि थंडीत चिरतं.

मी आधी फायबरचं कव्हर बसवलं आणि पुढे ते काढून रेक्झिन चढवून घेतलं. आमच्या साडूंनी त्याच मॉडेलला भंगारातला पॅड लावला. त्यामुळे तिन्ही प्रकार जवळून पाहिले.

फायबरचं काम तासाभरात होतं. जुन्या पॅडवरच कव्हर चिकटवायचं, काही खोलायची गरज नाही. पहिले आठ दिवस मी खूश होतो. मग वाशीला माल उतरवून सकाळी परत निघालो आणि कसारा घाट चढताना ऊन समोरून आलं. कव्हर गुळगुळीत, त्याचं सगळं प्रतिबिंब पुढच्या काचेत. समोरचा ट्रक एका पांढुरक्या पडद्यामागे गेल्यासारखा दिसायचा आणि वळणावर सावली आली की एकदम स्पष्ट व्हायचा. दर फेरीला तेच. पॉलिश पेपर मारून पाहिला, काळा मॅट स्प्रे मारला. दोन महिने बरं गेलं, पण रोज फडकं फिरून फिरून तेही चमकायला लागलं. पोलराइज्ड गॉगलनं थोडा आराम पडला, पण रात्रभर गाडी चालवल्यावर आधीच चुरचुरणाऱ्या डोळ्यांना तो ताण नको वाटायचा. त्यात पावसाळ्यात इगतपुरीला काचेवर वाफ धरली की ती जाता जात नसे, कारण हवेच्या फटी कव्हरखाली अर्ध्या झाकल्या होत्या. पण कव्हर काढायचं ठरवलं ते त्या चकाकीमुळेच. कदाचित तुमच्या गाडीची काच जास्त उभी असेल, तर एवढा त्रास होणारही नाही.

भंगारातल्या पॅडसाठी साडू नाशिकच्या अंबड लिंक रोडला दोन रविवार फिरले. मिळाला तो चपखल बसला. कंपनीचाच असल्यानं भोकं जुळतात, क्लिपा जुळतात, आणि मूळच्या खरखरीत पोतामुळे काचेत चमकही नाही. या बाबतीत तो फायबरपेक्षा कितीतरी उजवा. अडचण वयाची. ज्या गाडीवरून तो निघाला, तीही इतकीच वर्षं उन्हात उभी होती. साडूंच्या पॅडला दुसऱ्याच उन्हाळ्यात कोपऱ्यात भेग गेली. घ्यायचाच असेल तर अंगठ्यानं दाबून पाहा. कातडं परत वर आलं नाही किंवा खालून फोमचा भुगा पडला, तर राहू द्या. पहिल्यापासून कापडी मॅटखाली झाकलेला पॅड सापडला, तर मात्र मीही घेईन.

वर्षभरात गाडी विकायची असेल तर यातलं काहीच करू नका. गडद रंगाचं कापडी मॅट, हवेच्या फटी कापून, पुरे.

रेक्झिनला माझी गाडी आडगाव नाक्याकडच्या कुशनवाल्याकडे दोन दिवस उभी राहिली आणि पैसे फायबरच्या दुपटीहून जास्त गेले. द्राक्षांच्या हंगामात दोन दिवस परवडत नाहीत, म्हणून मी हंगाम उरकल्यावर काम काढलं. डॅशबोर्ड खाली उतरवावा लागतो, तेव्हा आधी वायरिंगचे मोबाइलवर फोटो काढा. जुना फोम पूर्ण खरवडायला लावा. त्यावरच रेक्झिन ओढलं तर फुगे येतात. सोल्युशन उष्णता सहन करणारंच मागा, साधं सोल्युशन मे महिन्यात कडेनं सुटतं. माझ्याकडे डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिली आहे. ती दिसते, पण गाडी चालवताना आड येत नाही. तीन उन्हाळे झाले, भेग नाही. चकचकीत करणारं पॉलिश मात्र त्यावर कधीच लावत नाही. आणि समोर एअरबॅग असलेल्या गाडीत हा उद्योग करू नये.

रेक्झिन निवडताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. तुकडे मागून घ्या, भर उन्हात डॅशबोर्डावर पसरा आणि सीटवर बसून काचेतून बघा. मी तीन पाहिले. दुकानात सगळ्यात देखणा वाटलेला राखाडी तुकडा काचेत सगळ्यात जास्त उमटला. मी घेतला तो काळा, खरबरीत, ज्याच्याकडे दुकानात माझं लक्षही गेलं नव्हतं.