३१८ दिव्यांखालचे आठ महिने: मॉस्कोचं एलेक्त्रोझावोद्स्काया स्टेशन

आठ महिने झाले, रोज सकाळी मी याच मेट्रो स्टेशनात उतरतो आणि संध्याकाळी इथूनच घरी जातो. मॉस्को बघायला येणारी आपली मंडळी कोम्सोमोल्स्काया आणि मायाकोव्स्काया या स्टेशनांचे फोटो काढून परत जातात, इथे कोणी फिरकत नाही. मला त्याची फार हळहळ वाटते.

आधी छताबद्दल. कमानदार छतात सहा रांगांनी गोल खळगे आणि प्रत्येक खळग्यात दिवा, असे एकूण ३१८. स्टेशनाचं नाव जवळच्या एलेक्त्रोझावोद कारखान्यावरून पडलं. तिथे विजेचे बल्ब बनायचे, म्हणून छतभर बल्बच लावायचे, ही कल्पना वास्तुकार व्लादिमीर श्चुको यांची. ते १९३९ साली वारले, पुढचं काम गेल्फ्रेइख आणि रोझिन यांनी तडीस नेलं. मध्ये युद्ध आलं, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. १५ मे १९४४ रोजी स्टेशन उघडलं तेव्हा वर शहरात अजून ब्लॅकआउट होता आणि खाली हे सगळे दिवे. दोन वर्षांनी वास्तुकारांना स्टालिन पारितोषिक मिळालं.

गेओर्गी मोतोविलोव यांची संगमरवरी उठावशिल्पं मात्र मला उशिरा दिसली. युद्धकाळात आघाडीच्या मागे राबणारी माणसं, हा त्यांचा विषय. पहिले दोन महिने मी त्यांच्यासमोरून नुसताच पळत होतो. मग एकदा मित्राला 'एलेक्त्रोझावोद्स्कायाला भेटू' म्हणालो. २०२० च्या ३१ डिसेंबरला मोठ्या वर्तुळाकार लाइनवर याच नावाचं दुसरं स्टेशन सुरू झालंय. तो तिकडे, मी इकडे, अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी पहिल्यांदा ती शिल्पं जवळून पाहिली, विशेषतः हात. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. त्यांच्या हातांची आठवण आली आणि घसा दाटून आला.

वर घुमटाच्या दालनात विजेच्या अभ्यासकांची सहा उठावशिल्पं आहेत: गिल्बर्ट, फ्रँकलिन, लोमोनोसोव, फॅरेडे, याब्लोच्कोव, पोपोव. वर शास्त्रज्ञ, खाली कामगार, ही मांडणी मला आवडते, कारण रोज हजारो माणसं चालतात ती कामगारांच्या शेजारून.

त्रास म्हणाल तर गाडी येताना बोलणं अजिबात ऐकू येत नाही, आणि संध्याकाळी सहाच्या गर्दीत थांबून काही बघणं शक्यच नसतं. रविवारी सकाळी लवकर या, जुन्या निळ्या लाइनवर उतरा आणि दालनाच्या मधोमध उभे राहा.

आईला मी व्हिडिओ कॉलवर छत दाखवलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "एवढे दिवे पुसतं कोण रे?" मी अजून कोणाला पुसताना पाहिलेलं नाही. रात्री एकला मेट्रो बंद होते, तेव्हा येत असतील ती माणसं.