यादवी युद्धातली अमेरिकन टोकनं : घोषणांची घ्यावीत की दुकानदारांची?

१८६२ मध्ये अमेरिकेत चिल्लर दिसेनाशी झाली. युद्धाच्या धास्तीनं लोकांनी सोनं-चांदी दडवलीच, पुढे एक सेंटची नाणीही बाहेर काढेनात. मग खासगी कारखान्यांनी सेंटाच्याच आकाराची, साधारण १९ मिलिमीटरची, तांब्या-पितळेची टोकनं पाडली. संग्राहकापुढे त्यांचे दोन मुख्य प्रकार येतात.

पहिला प्रकार देशभक्तीपर. झेंडा, गरुड, तोफा, ‘युनियन (राज्यांचा एकसंध संघ) टिकलंच पाहिजे’ अशा घोषणा. काढणाऱ्याचं नाव बहुधा नसतं. नेहमीची टोकनं स्वस्तात आणि चांगल्या स्थितीत मिळतात. बारकावेही मजेदार आहेत. ‘वन सेंट’च्या वर इवलंसं ‘नॉट’ कोरलेलं असतं, म्हणजे खोटं नाणं पाडल्याचा आळ नको. अर्थमंत्री असताना जॉन डिक्सनं दिलेल्या ‘झेंडा उतरवणाऱ्याला जागीच (ऑन द स्पॉट) गोळी घाला’ या हुकमाच्या काही टोकनांवर तर ‘स्पॉट’मध्ये एक ‘ओ’ जास्त पडलाय.

दुसरा प्रकार दुकानदारांचा. माझा कौल यालाच. एका बाजूला किराणावाल्याचं, औषधविक्रेत्याचं किंवा दारूच्या गुत्तेवाल्याचं नाव, धंदा आणि गाव, काहींवर पत्तासुद्धा. तेवढ्यावरून त्या काळच्या शहर-सूचीत (रहिवासी आणि धंद्यांच्या छापील यादीत) आणि जनगणनेत तो माणूस शोधता येतो. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर या गुत्तेवाल्याची हकीकत प्रसिद्धच आहे : थर्ड अव्हेन्यू रेल्वेनं त्याची टोकनं भाड्यात घेतली, त्यांच्या बदल्यात खरे पैसे मागितल्यावर त्यानं सरळ नकार दिला, आणि कंपनीला दाद मागायला जागाच नव्हती. १८६४ च्या कायद्यांनी अशी खासगी नाणी बंद पाडली.

यातही सगळ्या गावांची मिळवायच्या नादी लागू नका, एकच शहर धरा. सिनसिनाटी किंवा डेट्रॉइट घेतलं तर माल भरपूर आहे. तिथं राहणाऱ्या मराठी मंडळींना तर जुन्या नोंदी गावातल्याच ग्रंथालयात चाळता येतील.

छावणीतल्या दुकानदारांची ‘सटलर’ टोकनं दुर्मीळ आणि महाग, सुरुवातीला नकोतच.

दोन्ही प्रकारांना जॉर्ज आणि मेल्विन फल्ड यांच्या सूचीतले क्रमांक चालतात. दुर्मिळतेची पट्टी आर-१ (पाच हजारांवर ज्ञात) ते आर-१० (एकमेव) अशी आहे, पण किंमत तिच्याच हिशेबानं चढत नाही. लहान गावाचं आर-८ किंवा आर-९ टोकनही कधी कधी आवाक्यात असतं. चांदीची टोकनं मात्र जपून घ्या : ती त्या काळच्या संग्राहकांसाठीच पाडलेली, बाजारात फिरलेली नाहीत. आणि घासून चकचकीत केलेलं तांबं दिसलं, तर ते परत ठेवा.